बिंगो कधी म्हणायचं? गोंदूर–चांगदेव सॉर्टीचं एक प्रकरण

‘बिंगो’ म्हटलं की आपल्याकडे आधी तंबोला आठवतो: आकडे जुळले, बक्षीस लागलं. लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये हाच शब्द उच्चारला जातो तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ उलटा असतो. जे काही चाललं आहे ते आहे तिथे सोडून द्यायचं आणि विमानाचं नाक हवाई तळाकडे वळवायचं. टाकीत आता परतीपुरतंच इंधन उरलं आहे, एवढंच तो शब्द सांगतो.

इंधन संपलं किंवा संपत आलं, असा मात्र त्याचा अर्थ नाही. खालचं प्रकरण याच फरकाभोवती फिरतं. यातली माणसं आणि सॉर्टी, म्हणजे ठरावीक कामासाठीचं एक उड्डाण, अभ्यासासाठी रचलेली आहेत. तापीचं खोरं, गावांमधली अंतरं, उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा आणि इंधनाचं गणित मात्र खरं आहे. कागद-पेन्सिल घेऊन कुणीही ते पडताळून पाहू शकतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ

नाटो देशांच्या हवाई दलांत रेडिओवर मोजकेच आणि ठरलेल्या अर्थाचे शब्द वापरतात. इंधनासाठी त्यातले दोन महत्त्वाचे. ‘जोकर’ म्हणजे बिंगोच्या वरचा एक आकडा. तो आला की हातातलं काम आवरायला घ्यायचं, झुंज चालू असेल तर अंग सोडवून घ्यायची तयारी करायची. ‘बिंगो’ म्हणजे ठरलेल्या तळावर पोहोचून, राखीव साठ्याला हात न लावता उतरण्यासाठी लागणारं इंधन. रमीतला जोकर कुठल्याही पानाच्या जागी चालतो. इथला जोकर एकच काम करतो, विचार करायला वेळ देतो. बिंगोनंतर विचार करायचा नसतो, तो जमिनीवरच करून झालेला असतो.

एफ-१६ आणि एफ-१८ मध्ये हा आकडा वैमानिक स्वतः यंत्रणेत भरतो. इंधन तिथवर उतरलं की कानात ध्वनिमुद्रित आवाज येतो, ‘बिंगो, बिंगो’. विमानवाहू जहाजावरून उडणाऱ्यांसाठी या शब्दाला आणखी धार असते. डेकवर उतरण्याचे प्रयत्न फसत असतील आणि इंधन त्या आकड्यावर आलं, तर जहाजाचा नाद सोडून किनाऱ्यावरच्या ठरलेल्या धावपट्टीकडे निघायचं. जोडीने उडणाऱ्या विमानांत बिंगो ज्याच्याकडे सर्वांत कमी इंधन त्याचा धरतात. तो बहुतेक वेळा मागच्याचा असतो, कारण जागा टिकवण्यासाठी त्याचा थ्रॉटल सतत पुढे-मागे होत राहतो आणि इंजिन जास्त पितं. त्याने ‘टू, बिंगो’ (दोन नंबरचं विमान बिंगोवर) म्हटलं की पुढारी वाद घालत नाही.

एक उदाहरण घरचं घेऊ. जुन्या मोटरसायकलचा कॉक रिझर्व्हला फिरवला की टाकीत लिटर-दीड लिटर उरलेलं असतं, मग गाडी चोपड्यात असो की सातपुड्याच्या घाटात. रिझर्व्हला तुम्ही कुठे आहात हे माहीत नसतं. बिंगोला माहीत असतं. तो टाकीचा आकडा नसून एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतचा, त्या दिवसाच्या वाऱ्यातला आकडा आहे. जागा बदलली, वारा बदलला की तो बदलतो. आमच्या मते सगळ्या चुका इथेच होतात.

सॉर्टी

धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावरून चार आसनी सेसना १७२ निघणार. डावीकडे कॅडेट, उजवीकडे हवाई दलात लढाऊ विमानं उडवून आलेले इन्स्ट्रक्टर, मागे निरीक्षक म्हणून दुसरा कॅडेट. काम असं: पूर्वेला तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवला जायचं आणि नदीकाठावर शोधमोहिमेच्या आखणीप्रमाणे तासभर पट्टे मारायचे. अंतर सुमारे ७२ नॉटिकल मैल. वाटेत ५० मैलांवर जळगाव विमानतळ, ५९ वर भुसावळ. महिना मे, उड्डाण दुपारी दोनला.

तापमान ४४ अंश. गोंदूरची उंची समुद्रसपाटीपासून आठ-नऊशे फुटांच्या घरात आहे, पण इतक्या तापलेल्या विरळ हवेत विमान साडेचार हजार फुटांवरच्या धावपट्टीवरून उठावं तसं उठतं. धाव लांबते, चढण मंदावते. तीन माणसं आणि सामान असताना टाक्या काठोकाठ भरल्या, तर हे विमान त्याच्या ११५७ किलोच्या कमाल वजनाच्या पुढे जातं. म्हणून इंधन ११० लिटर ठेवलं. वजनाच्या हिशेबाने आणखी वीस-पंचवीस लिटर सहज बसलं असतं. उन्हाच्या धास्तीने हात आखडला, आणि तो जरा जास्तच आखडला.

इंधन डिपस्टिकने मोजलं. हे काम घाईत उरकायचं नाही. विमान सपाट जागी उभं हवं, पट्टी त्याच विमानाची हवी, दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मोजायच्या आणि पट्टी कोरडी करून दोनदा घालायची. अवगॅस, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळसर असतं आणि उन्हात पट्टीवरून क्षणात उडतं. पट्टी बाहेर काढल्या काढल्या ओली रेघ वाचली नाही, तर आकडा खाली घसरलेला दिसतो.

कॅडेटने मांडीवरच्या कार्डावर मांडलेलं गणित असं होतं. खप मिनिटाला ०.६ लिटर. हवेतला वेग १०५ नॉट, म्हणजे तासाला १०५ नॉटिकल मैल. परतीला ४१ मिनिटं, म्हणजे २५ लिटर. उतरण्यापूर्वीच्या चकरा आणि एक गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) मिळून १० मिनिटं, ६ लिटर. अखेरचा राखीव साठा अर्ध्या तासाचा, १८ लिटर. बेरीज ४९. सेसनाचे काटे गॅलन दाखवतात आणि अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणून कार्डावर लिहिलं: बिंगो १३ गॅलन, जोकर १७.

गॅलनमध्ये लिहिलं ते योग्यच. इंधन भरणारा बाउझर (टँकर) लिटर मोजतो, काटा गॅलन दाखवतो, लढाऊ विमानांत किलो किंवा पाउंड चालतात. डोळ्यांसमोरचा काटा ज्या मापात बोलतो त्याच मापात बिंगो लिहायचा असतो. कॅनडात २३ जुलै १९८३ रोजी एका बोइंग ७६७ मध्ये किलोच्या जागी पाउंड धरून इंधन भरलं गेलं. दोन्ही इंजिनं आकाशात बंद पडली आणि विमान तरंगत गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवावं लागलं. सगळे वाचले, पण चूक निव्वळ मापाची होती.

कॅडेटच्या बेरजेत चूक नाही. तिच्यात वारा नाही.

वाऱ्याने साथ दिली

मे महिन्यात दुपार चढली की तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा धरतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मध्ये पूर्व-पश्चिम पन्हळ. साक्रीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी नाही. त्या दिवशी वर २५ नॉटचा वारा होता, जाताना सरळ पाठीत. जमिनीवरचा वेग १३० झाला आणि ४१ मिनिटांची वाट ३३ मिनिटांत संपली. इंजिन सुरू करणं, टॅक्सी आणि चढण यांत ८ लिटर गेले, वाटेत २०. दोन वाजून ३६ मिनिटांनी चांगदेवच्या वर टाकीत ८२ लिटर होते.

आठ मिनिटं वाचली याचा कॅडेटला आनंद झाला. त्याने लगेच कार्ड सुधारलं. यायला ३३ मिनिटं लागली तर जायलाही ३३ धरली, म्हणजे २० लिटर. राखीव आणि चकरांचे २४ मिळवून झाले ४४. तेराला काट मारून बिंगो १२ केला, जोकर १६.

या प्रकरणातली खरी चूक ती हीच. ताजी माहिती हाताशी होती, हवेत गणित पुन्हा मांडायची शिस्तही होती, पण आकडा नेमका उलट्या दिशेला हलवला. वाचलेली आठ मिनिटं वाऱ्याने उसनी दिली होती आणि परतीला तो व्याजासकट वसूल करणार होता. २५ नॉट समोरून आला की १०५ चा वेग ८० वर येतो आणि ७२ मैलांना ५४ मिनिटं लागतात. ३३ आणि ५४ मिळून ८७, तर वारा नसताना जाऊन-येऊन ८२. पाठीचा आणि समोरचा वारा एकमेकांना फेडतात ही समजूत चुकीची आहे, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून राहतो. खरा बिंगो असा निघतो: ५४ मिनिटांचे ३२ लिटर, अधिक २४, म्हणजे ५६. वर जरा हात राखून ६०, म्हणजेच १६ गॅलन.

म्हणजे कॅडेटच्या कार्डावरचा जोकर हाच त्या दिवसाचा खरा बिंगो होता.

हे गणित आधीच बरोबर मांडलं असतं तर आणखी एक गोष्ट तिथेच उघडी पडली असती. पोहोचल्यावर ८२ आणि बिंगो ६०, मधले २२ लिटर म्हणजे जेमतेम ३६ मिनिटांचं काम. तासभराची शोधमोहीम या इंधनात बसतच नव्हती. बिंगो काढायचा तो हवेत धोका सांगण्यासाठी, तसाच जमिनीवर कामाचं माप घेण्यासाठीही. सकाळी साडेसहाला निघाले असते, तर हवा गार, वारा शांत आणि टाकीत वीस लिटर जास्त, हे तिन्ही साधलं असतं.

तीन वाजून बारा मिनिटांनी विमान डाव्या वळणात होतं. वळणावर इंधन टाकीत सरकतं आणि काटे डोलतात, म्हणून पंख सरळ करून आकडा वाचायचा असतो. मागच्या सीटवरचा पुढे वाकून म्हणाला, ‘काटा पाह्य ना भो.’ कॅडेटने पंख सरळ केले, दोन्ही काट्यांची बेरीज केली. सोळा.

‘सर, जोकर.’

‘बिंगो किती धरलायस?’

‘बारा, सर.’

‘कार्डावर तेरा होतं.’

‘येताना वाऱ्याने साथ दिली सर. तेहतीस मिनिटांतच आलो.’

‘तेहतीस पूर्वेला आलास. घर कुठल्या दिशेला आहे?’

कॅडेटने उत्तर दिलं नाही. त्याने पट्टा अर्धवट सोडला आणि नाक पश्चिमेकडे वळवलं. जोकरचं काम नेमकं हे: थोडं इंधन हाताशी असताना कुणीतरी प्रश्न विचारावा. जोकर न ठेवता थेट बारावर बिंगो म्हटलं असतं, तर हा प्रश्न २५ मिनिटं उशिराने विचारला गेला असता, आणि तेवढ्यात पंधरा लिटर जळून गेले असते.

भुसावळवर आकडे ओलांडले

सोळा गॅलनवर वळल्यामुळे हिशेब जेमतेम जुळत होता. पण धुळ्याच्या बाजूला वळवाचे ढग उभे राहत होते, खाली शेतांवरून धूळ उठत होती आणि वारा ३५ नॉटवर गेला. जमिनीवरचा वेग ७०. चांगदेव ते भुसावळ हे १३ मैल जायला ११ मिनिटं लागली. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या पुढे सरकताना दिसत होत्या, पण फार सावकाश.

भुसावळवर इन्स्ट्रक्टरनी गणित पुन्हा मांडायला लावलं. टाकीत ५३ लिटर. गोंदूर अजून ५९ मैल, ७० च्या वेगाने ५१ मिनिटं, म्हणजे ३०.५ लिटर. अधिक २४. लागतात ५४.५, आहेत ५३. दीड लिटर कमी.

आणखी खालून उडून पाहायचा पर्याय होता. जमिनीलगत वारा बहुधा कमी असतो. पण मे महिन्याच्या दुपारी खाली धक्के जोराचे बसतात, इंजिन आणखी तापतं आणि धुळीत पुढचं दिसेनासं होतं. तो पर्याय त्यांनी सोडून दिला आणि जळगावला उतरायचं ठरवलं.

दीड लिटरसाठी डायव्हर्जन? धुळ्याला पोहोचले तर असतेच ना, असं पुष्कळजण म्हणतील. वारा होता तसाच राहिला असता, तर पोहोचलेच असते. पण दीड लिटरचा तो आकडा ‘वारा आणखी वाढणार नाही’ या गृहीतावर उभा होता, आणि गेल्या तासाभरात वारा फक्त वाढतच आला होता. जळगाव ओलांडल्यावर पुढच्या ५० मैलांत ना तशी धावपट्टी, ना मागे फिरण्याइतकं इंधन. आमच्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर होता. दीड लिटर कमी असलेला बिंगो चालवून घेतला, तर पुढच्या खेपेला तीन लिटरही चालतात.

बारावर वळले असते तर काय झालं असतं, तेही मांडून पाहू. ४५ लिटर हाती, ३५ नॉट समोरून, गोंदूरपर्यंत ६२ मिनिटांचे ३७ लिटर. धावपट्टीच्या वर उरले असते ८ लिटर, म्हणजे तेरा मिनिटं. एक गो-अराउंड झाला असता, दुसरा नाही.

रेडिओवर काय बोलायचं

जळगावशी बोलताना कॅडेटने ‘बिंगो’ हा शब्द उच्चारला नाही आणि तेच योग्य. तो शब्द आपल्या आपल्यात, आपल्या तुकडीत चालतो. नागरी नियंत्रकाला तो कशालाही बांधत नाही. त्याच्यासाठी दोनच शब्दप्रयोग आहेत आणि २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत त्यांचे अर्थ पक्के आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे मी आता एकाच विमानतळाला बांधला गेलो आहे, आणखी उशीर झाला तर राखीव साठ्यात हात जाईल. ही सूचना आहे, आणीबाणी नाही, आणि हिने अग्रक्रमही मिळत नाही. ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’ म्हणजे हिशेबाने मी राखीव साठा मोडूनच उतरणार आहे. ही आणीबाणी. आपल्या विमानाला यातलं काहीच लागू नव्हतं. राखीव साठ्याच्या कितीतरी वर असतानाच ते वळलं होतं, म्हणून साधा संदेश पुरला: जागा, उंची, जळगावला वळतो आहोत, किती मिनिटांत येतो आणि आत किती माणसं.

शब्द नेमका न वापरल्याची किंमत काय असते, हे २५ जानेवारी १९९० च्या रात्री न्यूयॉर्कजवळ दिसलं. बोगोटाहून निघून मेदेयिनमार्गे आलेलं अव्हिआन्काचं बोइंग ७०७ खराब हवामानामुळे तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत होतं. चालक दलाने अग्रक्रम मागितला, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द रेडिओवर शेवटपर्यंत उच्चारला नाही. नियंत्रकांसाठी ते रांगेतलं आणखी एक विमान राहिलं. पहिला उतरण्याचा प्रयत्न फसला, दुसऱ्याला इंधन उरलं नाही. १५८ पैकी ७३ जण गेले. त्या विमानात जोकर आणि बिंगो असे दोन आकडे कागदावर लिहिलेले असते, तर पहिला आकडा येताच कुणीतरी ‘आता कुठे जायचं?’ असं विचारलं असतं, असं आम्हाला फार वाटतं.

जळगाव

जळगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे पश्चिमेचा वारा नाकासमोर आला आणि उतरणं सोपं गेलं. इंजिन बंद करून पुन्हा डिपस्टिक घातली. दोन्ही टाक्या मिळून ४४ लिटर. भुसावळवरचे ५३, वाटेतले ५ आणि चकरेतले ४ वजा करून हाच आकडा यायला हवा होता. कागद आणि पट्टी जुळली, म्हणजे ०.६ चा खप बरोबर होता. जुळली नसती तर आधी इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा तपासावा लागला असता. वर गेल्यावर तो मागे घेऊन मिश्रण पातळ केलं नाही, तर इंजिन तासाला काही लिटर फुकट पितं आणि कार्डावरचं सगळंच गणित कोलमडतं.

मग कॅडेटने उद्या सकाळचं कार्ड मांडायला घेतलं. पहाटे वारा पडलेला असेल. जळगाव ते गोंदूर ५० मैल, १०५ च्या वेगाने २९ मिनिटं, साडेसतरा लिटर. राखीव आणि चकरा २४. बेरीज साडेएकेचाळीस.

‘चव्वेचाळीस आहेत सर. जमतंय.’

‘इंजिन सुरू करायला, टॅक्सीला, चढायला?’

त्याने आठ मिळवले. साडेएकोणपन्नास. साडेपाच लिटर कमी.

गोंदूरहून इंधन मागवलं, आणि ते येईपर्यंत विमान जळगावलाच बांधून ठेवलं.